फ्रीजमधले मावळे

सिंगल पब्लिकच्या फ्रीजमध्ये काय काय असतं? अर्धा पिझ्झा, मेयॉनीज, डाएटची आठवण म्हणून आणलेली आणि तशीच सुकलेली पालकाची जुडी. आमच्या दिंडोरीच्या घरी एक बुटका फ्रीज आहे, त्याच्या बर्फाच्या कप्प्यात वाटाण्याएवढ्या हिरव्या गोळ्या असतात. पाहुणे हमखास विचारतात, ''हे काय, आयुर्वेदिक?'' आई शांतपणे सांगते, ''मावळे आहेत. अजून व्हायचेत.''

एम-सील तुम्हाला माहीत असणारच. गळका नळ, फुटकी बादली, टाकीची भेग... दोन रंगांचे दोन गोळे, समान घ्यायचे, मळायचे, चिकटवायचे आणि विसरून जायचं. त्याच खानदानातली, पण जरा नाजूक कामाची पुट्टी मिनिएचर करणारे लोक वापरतात. कुणी मोल्डइट वापरतं, कुणी वेल्सची मिलिपुट मागवतं, तर कुणी ती निळी-पिवळी पट्टी, जी मळली की हिरवी होते आणि म्हणूनच 'ग्रीन स्टफ' म्हणून ओळखली जाते. फण्डा एकच. एका भागात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. वेगळे असतात तोवर दोघंही निवांत. एकदा भेटले की परतीची वाट नाही. (लग्नाचे विनोद आपापले जोडून घ्या, मी चौतीस वर्षांचा आहे आणि आई हे वाचणार आहे.)

पुण्यात आयटीत नोकरी करताना टाइमपास म्हणून मी हे सुरू केलं. सोमवार ते शुक्रवार एक्सेल, शनिवारी दोन इंचांचा घोडेस्वार. पण त्या हौसेला खरं काम मिळालं ते दोन वर्षांपूर्वी, अण्णांना पॅरॅलिसिसचा झटका आला तेव्हा. उजवा हात वाचला, पण मंदावला. आयुष्यभर द्राक्षबागेत कात्री चालवलेला हात तो. छाटणी कुठल्या डोळ्यावर घ्यायची हे त्या बोटांना डोक्याआधी कळायचं. फिजिओथेरपिस्टने दाबायला मऊ चेंडू दिला. अण्णांनी तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी भाच्याला खेळायला देऊन टाकला. ''कामाचं काही दे,'' म्हणाले.

काम भाच्यानेच काढलं. दिवाळीत त्याला किल्ला करायचा होता आणि तोही रामशेज. आमच्याच तालुक्यातला, नाशिकहून येताना दिसणारा. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि मूठभर लोकांनी तो वर्षानुवर्षं झुलवत ठेवला. लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या केल्या, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले. आपल्या जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे, रामशेज नाही. भाच्याला हे अजून पटलेलं नाही. बाजारातले मातीचे मावळे परतीच्या पावसात विरघळतात, त्यामुळे त्याची ऑर्डर स्पष्ट होती : ''अण्णा, न भिजणारे मावळे करा.''

आता खरी अडचण. ही पुट्टी मळली की घड्याळ सुरू होतं. माझ्या हाताला तासभर पुरतो. अण्णांना नुसता रंग एकजीव करायलाच पंधरा मिनिटं लागतात, मग तारेच्या सांगाड्यावर एक पाय होईपर्यंत गोळा हट्टाला पेटतो. त्यातून दिंडोरीचा मे महिना! ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं तर ही रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. म्हणजे दुपारी अडतीस अंशांत अण्णांचा वेळ निम्म्याहूनही कमी. हातातला मावळा अर्धवट राहिला की ते काही बोलायचे नाहीत, नुसता हात मांडीखाली ठेवायचे. ते मला बघवत नव्हतं.

म्हणून मी साठवणुकीच्या मागे लागलो. ('लागलो' कसला, ऑफिसच्या कॉलवर म्यूट करून तेच वाचत होतो.)

पहिली गोष्ट, ती निळी-पिवळी पट्टी. दुकानात दोन्ही रंग शेजारी चिकटलेले असतात आणि मधल्या रेषेवर ते न विचारताच एकमेकांत सुरू झालेले असतात. ती कडक रेघ राहिली की मळताना बारीक खडे लागतात. म्हणून पाकीट उघडल्या दिवशीच मधली एक-दोन मिलिमीटरची पट्टी कापून फेकायची आणि दोन भाग दोन वेगळ्या डब्यांत. हार्डनर हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, वर कवच धरतो. म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं, हवा काढून टाकायची, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. आणि डब्यावर तारीख. न मळलेल्या मालाला फ्रीज लागतच नाही, कोरडी, अंधारी, थंड जागा पुरते. आमच्याकडे ती माळ्याखालच्या लोखंडी कपाटात सापडली.

मळलेला गोळा मात्र थंडीतच थांबतो. थांबतो म्हणजे फक्त रेंगाळतो. रविवारी रात्री पुण्याला निघण्याआधी मी मळून, छोट्या गोळ्या करून, बटर पेपरवर मांडून बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. सोमवारी मऊ असतात, मंगळवारी जरा ताठ. अण्णांनी शोध लावला, की मंगळवारचा माल पागोट्याच्या चुण्यांना उत्तम, कारण कडा बसत नाहीत. बुधवारी उरलेलं फेकायचं.

आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, ''माझ्या फ्रीजमध्ये हे येणार नाही!'' आणि ती शंभर टक्के बरोबर होती. कच्च्या हार्डनरने त्वचेला अॅलर्जी होऊ शकते आणि एकदा जडली की पाठ सोडत नाही. दह्याशेजारी ते नकोच. म्हणून पुण्याच्या फ्लॅटवरचा मिनी फ्रीज मी एसटीतून आणला. पूर्वी त्यात काय असायचं ते आईने विचारलेलं नाही. अण्णांना नायट्रिलचे हातमोजे सक्तीचे आहेत, घासकाम असेल तर मास्कही. गोळ्यांसाठी औषधांची आठ खणांची डबी छान बसेल असं मी सुचवलं, तर आईने नुसतं बघितलं. ज्या घरात रक्तदाबाच्या गोळ्या आहेत तिथे दुसऱ्या गोळ्यांना तशी डबी मिळत नाही. मग नट-बोल्टचा डबा आला.

सगळ्यात भारी टिप मात्र अण्णांची. मी फ्रीजमधून डबा काढून लगेच उघडायला लागलो, तर म्हणाले, ''अरे थांब. घाम येऊ दे, वाळू दे.'' द्राक्षाचं प्रीकूलिंग ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. गार पेटी उन्हात उघडली की मण्यांवर पाणी धरतं. पुट्टीचंही तसंच, बंद डबा खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडायचा. नाहीतर ओलावा धरतो आणि थर एकमेकांना चिकटत नाहीत. द्राक्षाला गारवा आणि दमट हवा दोन्ही लागतं, याला गारवा आणि कोरडेपणा, एवढाच फरक. गावात लाइट गेली की अण्णा आता आधी बुटक्या फ्रीजचं दार बंद आहे का ते बघतात.

जानेवारीत तर कमाल झाली. निफाडकडचा पारा उतरला की आमच्याकडे बागायतदारांची झोप उडते. तशा एका रात्री अण्णा ओसरीवर शाल घेऊन बसले होते आणि हातातला गोळा तास उलटला तरी मऊ होता. बागेसाठी शिव्या आणि गोळ्यासाठी कौतुक, दोन्ही एकाच थंडीला चालू होतं.

आतापर्यंत अकरा मावळे झालेत. पहिल्या तिघांना मान जवळपास नाही, नवव्याला ऐटबाज मिशी आहे. भाच्याला आता तोफ हवी आहे. मी म्हटलं, पुट्टीची करू, सोपी आहे. अण्णांना ते मान्य नाही. रामशेजची तोफ लाकडाचीच होती, म्हणजे लाकडाचीच होणार! बाभळीची एक जाड काडी त्यांनी कौलाखाली वाळत ठेवली आहे आणि तिला कुणी हात लावायचा नाही.