मागावरचा हात

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि अंगणातल्या ट्रॅम्पोलिनचा काळा पडदा दुपारी हात लावू देत नाही. पडदा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. अतिनील किरणांनी धागे ठिसूळ होतात, शिवण उसवते. पावसाळ्यात स्प्रिंगांना गंज.

यंत्रमागावर चादरी विणण्यात हयात गेलेले आजोबा रोज संध्याकाळी पडदा चाचपतात. विरलेला धागा बोटांना आधी कळतो.

1930च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज निसेनने ही वस्तू घडवली, 2000 साली सिडनीत ती ऑलिंपिकला पोचली. आजोबांना त्याचं काय! त्यांचा नियम एकच: एका वेळी एकच पोर. बहुतेक दुखापती दोघंतिघं एकत्र उड्या मारताना होतात, तेव्हा नियम रास्तच. तरी नात हवेत गेली की त्यांची मूठ आपसूक वळते. का, हे त्यांनाही सांगता येत नाही. ताणलेली एक स्प्रिंग मात्र उद्याच बदलायची आहे.