थोर्रीच्या थंडीतले ताट

रेक्याविक, फेब्रुवारी, रात्र

ती. आईस,

थोर्री हा आइसलंडच्या जुन्या पंचांगातला ऐन हिवाळ्याचा महिना. तो जानेवारीच्या १९ ते २६ तारखांमधल्या शुक्रवारी लागतो. या दिवसांत गावोगाव पंगती बसतात. ताटात मेंढीचे अर्धे डोके, आंबवलेले वृषण, रक्त आणि कलेजीच्या वड्या, मुरवलेला शार्क असे सारे असते. पदार्थ जुने असले तरी ते असे एका ताटात वाढण्याची पद्धत अलीकडची आहे. खेडी सोडून शहरात आलेल्यांसाठी रेक्याविकच्या नाउस्तिद या रेस्टॉरंटने ती १९५८ मध्ये रूढ केली.

हे सारे खाणे मिठाच्या टंचाईतून आले आहे. इथे ऊन दुबळे, त्यामुळे मिठागरे होत नाहीत. झाडे थोडी, त्यामुळे समुद्राचे पाणी आटवायला सरपण नव्हते. मग स्कीर मदतीला आले. ते आपल्या चक्क्यासारखे असते, आणि गाळल्यावर जी आंबट निवळ उरते, तिच्या पिंपात शरद ऋतूत कापलेल्या मेंढ्यांचे उरलेसुरले मांस महिनोन्महिने बुडवून ठेवत. आंबटपणामुळे ते सडत नाही, उलट मऊ होते. परदेशी पाहुणे हे पदार्थ पैजेवर खातात. ते योग्य नाही. ज्यांनी असे हिवाळे काढले, त्यांच्या ताटात फेकण्यासारखे काही नव्हते.

मेंढीच्या डोक्याला स्विद म्हणतात. आधी त्यावरची लोकर जाळून काढतात, अगदी आपल्याकडे मुंडी-पाये भाजतात तशी. मग ते मधोमध चिरतात, मेंदू काढून टाकतात आणि मिठाच्या पाण्यात उकडतात. कातडी काळपट-तपकिरी दिसते आणि तिला धुराचा वास असतो. गाल सर्वांत चांगला, मऊ आणि धागे सुटणारा. जीभ त्याच्या खालोखाल. डोळाही खातात, आणि बुबुळामागची चरबी चवदार असते. सोबत कुस्करलेला बटाटा आणि सलगमच्या जातीचा पिवळा कंद. मसाला नावालाही नाही. लाल तिखटाची आठवण इथे प्रत्येक जेवणात होते.

 

स्टिक्किस्होल्मुर, संध्याकाळ

ती. आईस,

ताटातला तो मुरवलेला शार्क म्हणजे ग्रीनलंड शार्क, आणि त्याचे ताजे मांस विषारी असते. त्यात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड हे द्रव्य भरपूर असते. पचताना त्याचे ट्रायमिथाइलअमाइन होते आणि खाणारा दारू प्यायल्यासारखा झिंगतो. ते ताजे मांस खाणारी कुत्रीही अशीच झिंगतात. मांसात युरियाही असतो आणि जंतू त्याचा अमोनिया करतात.

इथून जवळच, ब्यार्नारहॉब्न या शेतावर एक कुटुंब पिढ्यान् पिढ्या हा शार्क मुरवते आणि त्याचे संग्रहालयही चालवते. जुन्या रीतीने मांसाचे तुकडे किनाऱ्यावरच्या रेतीच्या खड्ड्यात पुरून वर दगड रचत. सहा ते बारा आठवड्यांत त्यातला द्रव निथळून जाई. आता खड्ड्याऐवजी पाणी निथळणारी खोकी वापरतात. पुढे लांब पट्ट्या कापून त्या उघड्या पडवीत चार-पाच महिने वाऱ्यावर टांगतात. शार्कवर लघवी करून तो मुरवतात ही निव्वळ दंतकथा आहे.

पट्टीवर जाड तपकिरी साल धरते. ती सोलली की आत पिवळसर पांढरे मांस निघते. पोटाकडचे लालसर आणि चिवट, पाठीकडचे मऊ. बोराएवढा चौकोनी तुकडा काडीला टोचून देतात, बरोबर राईचा काळसर पाव. अमोनियाचा भपका आधी नाकात चढतो आणि डोळ्यांत पाणी येते. जिभेवर मात्र चव वासापेक्षा पुष्कळ सौम्य लागते, जुन्या चीजच्या वळणाची. दोन तुकडे पुरतात. त्यावर शहाजिऱ्याच्या वासाची ब्रेन्निविन ही दारू घेण्याची रीत आहे.

मालवणी घरात मोरी हा शार्कच्या जातीचा मासा शिळा झाला की जो वास सुटतो, तोही युरियापासून होणाऱ्या अमोनियाचाच. त्यामुळे कोकणातल्या माणसाला हे ताट परके वाटू नये.

ग्रीनलंड शार्कचे आयुष्य थक्क करणारे आहे. २०१६ मध्ये डोळ्याच्या भिंगाच्या कार्बन-तपासणीवरून सर्वांत मोठ्या मादीचे वय सुमारे ३९० वर्षे ठरले. अंदाजात शंभराहून अधिक वर्षांचा फरक पडू शकतो, पण मादी वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षे लागतात. पूर्वी यकृताच्या तेलासाठी याची मोठी शिकार होई. ते तेल युरोपातल्या रस्त्यांवरच्या दिव्यांत जळे. आता बहुतेक शार्क इतर माशांच्या जाळ्यात चुकून सापडलेले असतात.

रेक्याविक, पहाटे

ती. आईस,

घोड्याचे मांस इथे साध्या दुकानातही मिळते. इ.स. १००० च्या सुमारास देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घोडा खाण्याची मुभा काही काळ राखून ठेवली होती. पुढे ती गेली आणि हे मांस पुष्कळ काळ निषिद्ध राहिले. चव गोडसर, चरबी कमी.

देवमासा आणि पफिन पक्षी यांची गोष्ट वेगळी. व्यापारी देवमासेमारी आइसलंडने २००६ मध्ये पुन्हा सुरू केली, पण स्थानिकांच्या ताटात ते मांस क्वचितच येते. हॉटेलांत ते मागवणारे बहुतेक प्रवासीच. पफिन वर्षाला एकच अंडे घालतो आणि २०१५ पासून तो धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. जे मांस भुकेने नव्हे तर पाहुण्यांच्या हौसेने ताटात येते, ते खाऊ नये. इथे येणाऱ्याने मेंढीच्या मांसाचे कंद घातलेले गरम सूप मागवावे. महाग आहे, पण थंडीवर तेच चालते.