सहा नट

आमच्याकडे एक ट्रॅव्हल ट्रेलर आहे. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं छोटंसं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, बाथरूम, आणि खाली दोन अ‍ॅक्सल, चार चाकं. ओमाहातल्या मराठी मंडळींत आमच्या या 'बिऱ्हाडा'ची बरीच चेष्टा होते. असो.

2023 च्या जुलैत अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून आले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढलेला माणूस. त्यांना यलोस्टोन दाखवायचं ठरलं आणि अण्णा, मी, बायको आणि लेक असे आय-80 ने पश्चिमेला निघालो.

वायोमिंगची हद्द ओलांडली, पाइन ब्लफ्सचं एक्झिट समोर दिसत होतं, आणि मागून फटाफट आवाज सुरू झाला. आरशात बघतो तर रबराची लांब पट्टी उडतेय. त्या रस्त्यावर ट्रक ताशी 75-80 मैलांनी जातात आणि नुसत्या त्यांच्या वाऱ्याने ट्रेलर डोलतो. तिथे कडेला चाकापाशी बसायची माझी हिंमत नाही. टायर तर गेलाच होता, रिमही गेली तर जाऊ दे म्हणून रांगत रांगत एक्झिट घेतलं आणि एका खडीच्या मोकळ्या जागेत थांबलो.

टायरची नक्षी अजून चांगली होती बरं का! पण बाजूवर शेवटचे चार आकडे 2316. म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा असतो, टायर झिजत नाही, नुसता म्हातारा होतो. मी हा आकडा कधी वाचलाच नव्हता.

"जॅक कशाला काढतोस?" अण्णा म्हणाले. ट्रेलर सपाट करायला आम्ही प्लॅस्टिकचे ठोकळे बाळगतो. ते त्यांनी त्याच बाजूच्या पुढच्या चाकासमोर उताराची पायरी करून मांडले. नट जमिनीवरच थोडे सैल करून घेतले, कारण चाक उचलल्यावर पाना लावला की ते नुसतं फिरत राहतं. मग मी गाडी हळूच पुढे घेतली. पुढचं चाक ठोकळ्यांवर चढलं आणि मागचं अधांतरी! ट्रेलर गाडीला जोडलेलाच, हँडब्रेक ओढलेला, पलीकडच्या चाकांना पुढून-मागून अडसर. जॅक लावायचाच झाला तर तो चौकटीखाली लावायचा, अ‍ॅक्सलच्या नळीखाली नाही, ती वाकते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. अण्णांना न वाचता ठाऊक होतं.

इथवर सगळं छान. मग मी म्हणालो, "तुम्ही बसा सावलीत, मला येतं."

स्टेपनी चढवली. पहिला नट फिरवून घट्ट केला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. चाक खाली टेकवलं आणि पान्यावर उभा राहिलो. लहानपणी गावाकडच्या गॅरेजमध्ये पाहिलेला प्रकार. टॉर्क रेंच? होता ना. ओमाहाला, गराजमध्ये, पेटीतून न काढलेला.

शायेन जवळ आलं तेव्हा अण्णा म्हणाले, "जरा थांब कुठेतरी, नटांवर एकदा पाना फिरवू." मी म्हणालो, "अण्णा, इथे एवढा मोठा ट्रेलर घेऊन कुठेही थांबता येत नाही. आणि मी पान्यावर उभा राहून आवळलेत." यातलं पहिलं वाक्य धादांत खोटं होतं. मला वेळ भरून काढायचा होता. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. पुन्हा काही बोलले नाहीत.

शायेनच्या पुढे सुमारे 40 मैलांवर, 8,640 फुटांवर, आय-80 चा सगळ्यांत उंच ठिकाणचा विसावा आहे. तिथे उंच दगडी चौथऱ्यावर लिंकनचं भलंमोठं ब्राँझचं डोकं आहे. लेकीला ते बघायचं होतं, म्हणून थांबलो. नटांसाठी नाही.

मी कॉफी घेऊन परतलो तर अण्णा चाकापाशी गुडघे टेकून बसलेले. मला हाक मारली नाही. एक नट दोन बोटांनी फिरवून दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. उरलेले तीन दगडासारखे घट्ट. तिथून पुढे लॅरमीपर्यंत टेलिफोन कॅनियनचा उतार आहे, खाली वळत जाणारा. मी कॉफीचा कप जमिनीवर ठेवला.

"पहिलाच नट पुरता आवळलास," अण्णा शांतपणे म्हणाले. "चाक तिरकं बसलं. मग बाकीचे घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण चाक हबला टेकलेलंच नसतं. चालून चालून ते जागेवर बसतं आणि नट मोकळे पडतात." स्टेपनीच्या लोखंडी चाकावरचा कोरा रंगही दाबला जातो. शिवाय वळताना दोन अ‍ॅक्सलची चाकं आडवी घासतात, तो ताण वेगळाच. उरलेल्या तिघांवर मी पान्याच्या दीड फूट दांड्यावर माझे 170 पौंड घालून उभा होतो, म्हणजे अडीचशे फूट-पौंड. ट्रेलरच्या पुस्तकात सांगितलेत 100!

शेजारी मोटरहोम घेऊन आलेल्या एका आजोबांनी त्यांचा टॉर्क रेंच दिला. अण्णांनी विचारलं, "100 फूट-पौंड म्हणजे आपल्यात किती?" मी हिशेब केला: एक मीटर लांब पाना आणि टोकाला सुमारे 14 किलो. "एवढंच?" ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

पुन्हा ठोकळे, पुन्हा चाक अधांतरी. सगळे नट सैल केले. आटे कोरडेच पुसले, कारण तेल लावलं तर रेंच 100 दाखवतो आणि स्टडवर ओढ त्याहून खूप जास्त येते. मग समोरासमोरचे नट बेताने टेकवले, चाक खाली घेतलं, आणि त्याच क्रमाने आधी 50, मग 100. टक्. अण्णांना तो आवाज इतका आवडला की शेवटचे चार नट त्यांनीच आवळले.

लॅरमीला दहा मैलांवर थांबलो. एका दुकानात ताणलेले तीन स्टड बदलून घेतले आणि तिथेच एक टॉर्क रेंच विकत घेतला. त्यानंतर 25 मैलांवर एकदा, 50 वर एकदा. पुढे यलोस्टोनपर्यंत दर थांब्याला अण्णा उतरायचे आणि चारही हबांवर हात ठेवून बघायचे, कुठे गरम लागतंय का. लेकही त्यांच्या मागून हात ठेवत जायची.

शायेनबद्दल मी त्यांची माफी मागितली, पण ती परत जायच्या आदल्या रात्री, सामान बांधताना. "कुठलं शायेन?" म्हणाले, आणि वजनकाट्यावर बॅग ठेवायला सांगितली.