जामीन मिळाला, जामीनदार नाही

उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात जिल्हाधिकारी असताना, २०१२ च्या पावसाळ्यात, कारागृहाच्या तपासणीस गेलो होतो. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावे लागे, अशी बराकीतील दाटी. तेथे झारखंडचा एक वीटभट्टी मजूर भेटला. आरोप डिझेलच्या चोरीचा. किंमत दोन हजारांच्या आत. आत येऊन चौदा महिने झालेले. जामीन मात्र तिसऱ्याच महिन्यात मंजूर! अधीक्षक शांतपणे म्हणाले, "दोन जामीनदार हवेत, साहेब. याला येथे ओळखणारे कोणी नाही."

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाक्य लागावे. पदाचा शिक्का बाजूला ठेवला, तर त्या जिल्ह्यात माझ्यासाठी तरी जमिनीचा उतारा घेऊन कोण उभे राहिले असते?

चौकशीत निघाले ते अधिक लाजिरवाणे होते. भट्टीजवळचे दोन शेतकरी जामीन राहण्यास तयार झाले होते. त्यांची खतौनी, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, पडताळणीसाठी तहसिलीत आली आणि चार महिने पडून राहिली. तहसील माझ्याच अखत्यारीतली. हेलपाटे घालून दोघेही कंटाळले. अखेर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने अर्ज केला आणि न्यायालयाने त्या मजुराला जातमुचलक्यावर सोडले. समाजात मुळे असलेल्या गरिबाला असे सोडता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने हुसैनआरा खातून प्रकरणात १९७९ मध्येच सांगितले होते.

नव्या बराकींचे प्रस्ताव मीही पाठवले आहेत. पण २०२२ अखेरचे आकडे पाहा: देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६, कैदी ५,७३,२२०, आणि त्यांपैकी कच्चे कैदी ४,३४,३०२. शिक्षा न झालेल्यांनीच तुरुंग जवळजवळ भरले होते!

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, पाच हजारांखालील पहिल्या चोरीला, माल वा किंमत परत केल्यास, सामाजिक सेवेची शिक्षा आहे. प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की सुटकेसाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. चोरीच्या बाबतीत हा काळ एक वर्ष होतो. अर्थात तोही अर्ज कोणाच्या तरी टेबलावरूनच जाणार.

त्या तपासणीनंतर प्रलंबित पडताळण्यांची वही दर सोमवारी मी स्वतः पाहू लागलो. आठ महिन्यांनी बदली झाली. ती वही पुढे कोणी चालवली का, हे मी कधी विचारले नाही.