‘वायफाय चालत नाही’ हा प्रश्न नव्हे

आमच्या अभ्यासिकेला एका कार्यालयाने बाद केलेले चार लॅपटॉप मिळाले. नवे विंडोज त्यांना पेलणारे नव्हते, म्हणून आम्ही उबुंटू २२.०४ टाकायचे ठरवले. लिनक्सला त्याआधी आमच्यापैकी कुणी हात लावला नव्हता. पेनड्राइव्ह तयार केला, उबुंटू बसले, पण पहिल्याच लॅपटॉपवर वायफायचे चिन्ह दिसेना. भरतीच्या अर्जांची मुदत जवळ येत होती आणि मुले एकेका अर्जासाठी सायबर कॅफेत पैसे मोजत होती.

ओळखीच्या एका अभियंत्यांना आम्ही लिहिले, ‘सर, उबुंटूत वायफाय चालत नाही. बहुतेक कार्ड खराब आहे. अर्जंट मदत करा.’ दोन दिवसांनी उत्तर आले: ‘कोणता लॅपटॉप? कोणते कार्ड? काय काय करून पाहिले?’ आम्हाला राग आला. मदत करायची नाही म्हणून ही उलटतपासणी, असे आम्ही एकमेकांत बोललो.

खरे तर चूक आमचीच होती, आणि ती आम्हाला तरी शोभणारी नव्हती. तहसील कचेरीत ‘साहेब, अन्याय झाला आहे’ एवढ्यावर आम्ही कधी अर्ज दिला आहे का? गट नंबर, तारीख, वेळ, कोण काय बोलले, आधी कोणता अर्ज दिला, त्याची पोच, सगळे क्रमाने लिहितो. एक तारीख चुकली तर अर्ज फेटाळतात हे अनुभवाने शिकलो आहोत. मग संगणकासमोर बसताच आमची लेखणी अशी लुळी का पडली?

‘पुटी’ हा प्रोग्राम लिहिणारे सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये बिघाड कसा कळवावा यावर एक लेख लिहिला. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने ताडलेले वेगळे ठेवा, हा त्यातला एक मुद्दा. आमच्या संदेशात ‘कार्ड खराब आहे’ हा नुसता तर्क होता आणि पाहिलेले जवळजवळ काहीच नव्हते. शिवाय ‘अर्जंट’ या शब्दाने समोरच्याला काहीही कळत नाही. घाई आमची होती, त्यांच्या हाती धागा कोणता दिला?

दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन कार्डाचे नाव काढले: ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२. फोन केबलने जोडून इंटरनेट घेतले आणि ‘अतिरिक्त ड्रायव्हर्स’मधून ड्रायव्हर टाकला, हेही लिहिले. तेवढ्यात आमच्यातली बारावीची एक मुलगी म्हणाली, “दादा, रिस्टार्ट करताना ते निळं पान आलं होतं ना, तेही लिहू या.”

ते आम्हाला लिहायचे नव्हते. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता, तो आम्ही दिला होता. पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर इंग्रजीत काही पर्याय आले. घाबरून आम्ही पहिलाच, ‘कंटिन्यू बूट’, निवडला. आपणच काही बिघडवले असणार, ते कशाला सांगायचे? वर्गात ‘समजले का?’ म्हटले की ‘हो सर’ म्हणण्याची सवय आपल्यातल्या पुष्कळांना आहे. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्याला हसे होण्याचे भय जरा जास्तच असते. ते भय वयाबरोबर जात नाही, कार्यकर्ता झाल्यावरही जात नाही. भाषण ठोकताना लपते एवढेच.

तिने आमचे ऐकले नाही. निळ्या पानाची ओळ तिने लिहिलीच.

दहा मिनिटांत उत्तर आले. ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’ ही आज्ञा द्या आणि जे दिसेल ते जसेच्या तसे पाठवा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे दिसले. मग उलगडा झाला. त्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू होते. सही न ओळखलेला ड्रायव्हर ते आत घेत नाही. ती सही ओळखीची करून देण्याची जागा म्हणजेच ते निळे पान, आणि आम्ही ते ओलांडून गेलो होतो. ‘मॉकयूटिल’ने चावी पुन्हा नोंदवायला घेतली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, या वेळी ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड दिला. वायफाय लागले. कार्ड ठणठणीत होते.

त्या संध्याकाळी तिघांचे अर्ज अभ्यासिकेतूनच गेले. लॅपटॉपशेजारी आता एक वही असते. जे केले ते तिथे लिहायचे, चुकून दाबलेले बटणसुद्धा. खाडाखोड चालते, पान फाडायचे नाही.

चौथ्या लॅपटॉपचा आवाज अजून येत नाही. काल तिने त्याच्या पानावर लिहिले आहे: ‘हेडफोन लावला की येतो, काढला की जातो. विंडोज होते तेव्हा येत होता का, माहीत नाही. विचारून सांगते.’