जेवणाची वेळ

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की मुरबाडच्या रस्त्यांवर बैलांच्या घुंगरांची किणकिण सुरू होते. पाळणे फिरू लागतात, जिलेबीच्या कढया चढतात, बैलांचे सौदे रंगतात. त्या साऱ्या गलक्याच्या कडेला खाकीतला एक माणूस उभा असतो. हल्ली जत्रेत माझी नजर त्याच्यावरच रेंगाळते. गर्दी जेवूनखाऊन सुस्तावलेली असते, त्याचा डबा अजून उघडायचा असतो.

आमच्याकडचं वर्ष त्याच्या बंदोबस्तावरून ओळखावं. आषाढ-श्रावणात माळशेजचे धबधबे फुटले की टोकावड्याचे पोलीस घाटात भिजत उभे. नाशिक महामार्गावरून साईंच्या पालख्या शिर्डीकडे निघाल्या की शहापूरचे पोलीस रस्त्यावर. २ जानेवारीला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या बलिदानाचं स्मरण होतं. तीच तारीख महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. म्हणजे घरचं कार्यसुद्धा बंदोबस्तातच. आणि कुठल्याच पंचांगात नसलेल्या रात्री येतात त्या वेगळ्या. १ ऑगस्ट २०२३ची पहाट उजाडायच्या आत शहापूरच्या सरळांब्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर कोसळला, वीस माणसं गेली. अशा रात्री घड्याळाकडे कोण बघतं?

घड्याळ बघत असतं ते यकृत. बरगड्यांखालचा हा दीडेक किलोचा अवयव म्हणजे शरीरातलं ठाणंच. आतड्यांनी शोषलेलं बहुतेक सारं आधी त्याच्यापुढे हजर होतं, मग पुढे जातं. साखर किती सोडायची, किती राखून ठेवायची, याचा निवाडा तिथे होतो. या कामाच्याही पाळ्या असतात आणि त्या बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळांवरून ठरतात. रात्री दोनला नाक्यावर वडापाव आणि गोड चहा पोटात गेला की त्या पाळ्या विस्कटतात.

त्यात ताण. वायरलेस खरखरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं, आणि यकृत रक्तात साखर सोडतं. पण पळायचं कुठे? नाकाबंदीत नुसतं उभं राहायचं, पंचनाम्यात बसायचं, साहेबांचं ऐकायचं. न वापरलेल्या साखरेची चरबी होते आणि तिचा काही भाग यकृतातच साठतो. अपुरी झोप त्याला हातभार लावते. दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्याला फॅटी लिव्हर होतं, ते असं. ओढ्याकाठच्या हातभट्ट्या फोडणाऱ्या हाताच्या धन्यालाही ते चुकत नाही.

हे सगळं घडत असताना दुखत मात्र काहीच नाही. यकृताच्या आत वेदनेच्या नसाच नाहीत. चरबी पाच टक्क्यांच्या वर गेली तरी ते कुरकुरत नाही. मग एखाद्या तपासणीत सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड वन’ उमटतं, आणि कुणीतरी हसून म्हणतं, “आपल्यात कुणाला नसतं?” तक्रार न करणं हा ज्या नोकरीतला गुण, तिथे न बोलणारं दुखणं बिनबोभाट खपून जातं.

तरी हा अवयव मोठा क्षमाशील. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर चरबीबरोबर सूजही ओसरू शकते. पण चालायला जा, वेळेवर खा, झोप घे, हा सल्ला ज्याच्या हातात स्वतःची वेळ आहे त्याला. मुंबईत २०१६ साली दत्ता पडसलगीकर पोलीस आयुक्त असताना देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. एका हाकेच्या अंतरावर ठाणी असलेलं शहर ते. इथे एकेका ठाण्याच्या पदरात घाट, धरणं, जंगलं आणि पाडे. इथल्या रात्री आठ तासांत बसवणं सोपं नाही, हे मलाही कळतं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. बंदोबस्ताच्या आदेशात कोण, कुठे, किती वाजता उभा राहणार ते लिहिलेलं असतं. तो किती वाजता जेवणार आणि तेवढा वेळ त्याच्या जागी कोण उभा राहणार, हेही त्याच कागदावर लिहावं.