निम्मी किंमत, पण कशाच्या निम्मी?

मलकापूर, ता. शाहूवाडी

प्रिय बाळू,


तुझा निरोप वाचला आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले. निम्म्या किमतीत लॅपटॉप मिळतोय, सवलत आज रात्रीपुरतीच आहे, पोरीसाठी आणि अण्णांसाठी मागवून टाकतो, असं तू कळवलंस. पोरीचे प्रोजेक्ट आणि अण्णांची कीर्तनं, दोन्हीची सोय एकात व्हावी, ही तुझी माया मला कळते. पण निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी, एवढं तरी विचारायचं होतंस! खोक्यावरची एमआरपी म्हणजे कमाल किंमत. तिच्यावर विकायला कायद्यानं मनाई आहे, खाली विकायला नाही. आणि तो आकडा सरकार ठरवत नाही, कंपनी ठरवते. त्या आकड्याला सहसा कुणी लॅपटॉप घेतच नसेल, तर त्यावरच्या टक्केवारीतून तुला काय कळणार? माझं म्हणणं एकच आहे: स्वस्ताई रुपयांत मोजू नकोस, वर्षांत मोज. ४० हजारांचं यंत्र चार वर्षं टिकलं तर वर्षाला १० हजार पडले. ५५ हजारांचं आठ वर्षं टिकलं तर वर्षाला ७ हजारांच्याही आत. यातलं महाग कुठलं, तूच सांग.

आता यंत्राचं हे आयुष्य कशावर ठरतं ते बघ. तू पाठवलेल्या जाहिरातीत रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर आहे. त्यातला पहिला ७ हा २०२३ सालच्या मालिकेचा आकडा. पण तिसरा आकडा २ आहे, आणि आतली रचना किती जुनी हे तो सांगतो: झेन २, म्हणजे २०१९ ची. जनावरांच्या बाजारात बैलाचं वय दात बघून ठरवतात, मालकाच्या सांगण्यावरून नाही. इथं तो तिसरा आकडा म्हणजे दात. शिवाय या प्रोसेसरला जी रॅम चालते ती मदरबोर्डवरच कायमची बसवलेली असते. ८ जीबी घेतलीस की शेवटपर्यंत ८ जीबीच. जुनेपणानं काय होतं याचा दाखला फार लांब शोधायला नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. इंटेलच्या सातव्या पिढीचे बहुतेक लॅपटॉप धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. यंत्र मोडलं नाही, त्याची पिढी मागे पडली. तुझा ७५२०यू आज त्या यादीत आहे, हे खरं. पण पुढची रेघ ओढली जाईल तेव्हा जुन्या रचनेचे आधी बाहेर पडतील, ही भीती अनाठायी नाही.

तू म्हणशील, अक्का, काम तर साधंच आहे. पण साधं कामच दरवर्षी जड होत जातं. ब्राउझरची दहा पानं, सोबत ऑनलाइन तास आणि मागे चालणारा अँटिव्हायरस, एवढ्यात ८ जीबी भरत येते. म्हणून मी महागडा प्रोसेसर सुचवत नाही. रॅमचा एक स्लॉट मोकळा हवा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी थोड्या पैशांत भर घालता येईल. तू नो-कॉस्ट ईएमआयचंही लिहिलंस. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. व्याज कुठंतरी धरलेलंच असतं; बहुधा रोखीची सूट तुझ्या हातून जाते, वर प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डावर घेतलंस तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी. मग सगळ्याच सवलती खोट्या का? नाहीत. नवी पिढी बाजारात आली की गेल्या वर्षीचा चांगला माल खरोखर कमी भावात निघतो. तो जरूर घे. पण मॉडेल बघून घे, टक्के बघून नको.

आणि खरी काळजी पुढंच आहे. वस्तू जिथं वापरायची तिथं ती दुरुस्त झाली पाहिजे, हे मी तुला आजच सांगत नाही. मोटारपंप घेतानाही हेच सांगितलं होतं. हा शाहूवाडीचा पाऊस, भिंतींना ओल, लाईट कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉप बिघडला तर पोरीनं कॉलेज बुडवून एसटीनं कोल्हापूर गाठायचं, तिथं ठेवून यायचं, परत आणायला जायचं. परीक्षेच्या तोंडावर असं झालं तर काय करायचं? ऑनसाइट वॉरंटी लिहिली असली तरी आपल्या पिनकोडला माणूस येतो का, हे विचारलंस का? बॅटरी बदलता येते का, तिची वॉरंटी वेगळी आहे का? आणि अण्णांचे डोळे! ते सोप्यात उजेडात बसणार. २५० निट्सच्या मंद पडद्यावर त्यांना काय दिसणार? निदान आयपीएस पडदा आणि ३०० निट्स तरी बघ.

तेव्हा बाळू, माझं ऐक. आज रात्री ऑर्डर देऊ नकोस. पूर्ण मॉडेल नंबर, रॅमचा स्लॉट आणि आपल्या पिनकोडची सर्व्हिस या तीन गोष्टी लेखी मागव आणि मला कळव. अशी सवलत पुढच्या सणालाही येईल. पोरीची ही वर्षं मात्र पुन्हा यायची नाहीत, तिच्या हातात टिकणारीच वस्तू दे.

तुझी,
अक्का